फेकणारा एक, झेलणारे पाच!

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये आक्रमणाचा खरा आकार ठरवणाऱ्या रिसीव्हर आणि टाइट एंडची गोष्ट

एक छोटंसं कोडं घालते. लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, हे अमेरिकेतलं एक मोठं विद्यापीठ. २०१८ च्या हंगामात त्यांच्या फुटबॉल संघाच्या जो बरोने १६ टचडाउन पास फेकले. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, याच बरोने त्याच संघाकडून खेळताना ६० टचडाउन पास फेकले. सोळावरून थेट साठ! एका वर्षात त्याच्या हाताला असं काय झालं असेल?

बरोने मेहनत घेतली, तो सुधारला, हे खरंच. पण फक्त हात सुधारून एवढी उडी मारता येत नाही. मोठा बदल त्याच्या समोर झाला होता. त्याचे पास झेलणारी मुलं कुठे उभी राहणार, किती जण धावणार आणि कुठल्या दिशेने, हेच संघाने नव्याने ठरवलं होतं. गंमत म्हणजे ही मुलंही बहुतेक तीच होती.

तुमच्या घरातलं किंवा ओळखीतलं कुणी अमेरिकेत शिकत असेल, तर शनिवारी एकाच रंगाचे टी-शर्ट घालून स्टेडियममध्ये काढलेले फोटो तुम्ही नक्की पाहिले असतील. एलएसयूच्या टायगर स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. आपलं वानखेडे साधारण ३३ हजारांचं, म्हणजे तीन वानखेडे एकत्र केली तरी तिथे जागा उरेल. आणि हे सगळं कॉलेजच्या मुलांचा सामना बघण्यासाठी!

या गर्दीतल्या बहुतेकांच्या ओठांवर चेंडू फेकणाऱ्याचं, म्हणजे क्वार्टरबॅकचं नाव असतं. आज आपण त्याच्याकडे नाही, तर झेलणाऱ्यांकडे बघणार आहोत.

दोन मिनिटांत खेळ समजून घेऊ

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. इथे चेंडू लांबट असतो आणि तो हातात धरून पळायचं किंवा पुढे फेकायचं. मैदान १०० यार्ड लांब, आणि दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा एंड झोन. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात.

आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्न मिळतात. या चारांत निदान १० यार्ड पुढे जायचं. जमलं, तर पुन्हा चार नवे प्रयत्न. नाही जमलं, तर चेंडू समोरच्या संघाकडे. चेंडू एंड झोनमध्ये पोहोचला की टचडाउन, त्याचे ६ गुण, वर किक मारून आणखी एक गुण मिळवता येतो.

कबड्डी बघत असाल तर हे पटकन लक्षात येईल. चढाई संपते, सगळे आपापल्या जागी येतात, पुन्हा नवी चढाई. इथेही प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांचा. मग खेळ थांबतो आणि पुढची चाल ठरते. म्हणून या खेळात ‘कोण कुठे उभं आहे’ याला फार किंमत असते.

उरलेल्या पाच जागांचं गणित

आता जरा हिशोब करू. अकरा खेळाडूंमधला एक क्वार्टरबॅक. त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड लाइनमन, ज्यांचं काम म्हणजे भिंत होणं. नियमाप्रमाणे हे पाच जण पुढे फेकलेला पास झेलू शकत नाहीत. म्हणजे अकरातले सहा गेले. उरले पाच.

संघाचं आक्रमण कसं दिसणार, हे बहुतांशी या पाच जागांवर कोण उभं राहतं त्यावर ठरतं. त्यात तीन प्रकारचे खेळाडू असतात.

रनिंग बॅक हा क्वार्टरबॅकच्या आसपास उभा राहून चेंडू हातात घेऊन पळणारा.

वाइड रिसीव्हर बाजूला, मोकळ्या जागेत उभा राहतो आणि जोरात पळून पास झेलतो.

टाइट एंड हा लाइनमनच्या अगदी शेजारी, चिकटून उभा राहणारा. ‘टाइट’ हे नाव त्यावरूनच आलं. तो भिंतीचाही भाग होतो आणि पासही झेलतो.

प्रशिक्षक या जागांची वाटणी दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा रनिंग बॅकचा, दुसरा टाइट एंडचा. पाचातून हे दोन वजा केले की जे उरतात ते रिसीव्हर. ‘११’ म्हणजे एक रनिंग बॅक, एक टाइट एंड आणि तीन रिसीव्हर. ‘१२’ म्हणजे एक रनिंग बॅक, दोन टाइट एंड, दोन रिसीव्हर. मग ‘१३’ म्हणजे? बरोबर, तीन टाइट एंड आणि एकच रिसीव्हर. घरातल्या मुलांना हे एकदा सांगा, पुढच्या सामन्यात तीच तुम्हाला आकडे ओरडून सांगतील.

या आकड्यांचं एवढं कौतुक कशाला? कारण मैदान सुमारे ५३ यार्ड, म्हणजे जवळजवळ ४९ मीटर रुंद असतं. रिसीव्हर जितका लांब जाऊन उभा राहील, तितकाच लांब बचाव करणाऱ्यालाही जावं लागतं. चार जणांना कडेला पसरवलं, तर त्यांच्यामागे निदान चार बचावपटू जातात आणि मधली जागा मोकळी होते. उलट दोन टाइट एंड मध्ये आणले, तर बचावपटूही मध्ये गोळा होतात आणि त्यांच्या डोक्यावरून लांब पास फेकायला वाव मिळतो. म्हणजे चेंडू हलायच्या आधीच झेलणाऱ्यांनी समोरच्या संघाला हलवलेलं असतं.

हात होते, पण वापरले नव्हते

आता पुन्हा एलएसयूकडे वळू. २०१८ च्या संघात बरो होता, जस्टिन जेफरसन होता, जामार चेस होता आणि टेरेस मार्शलही होता. संघ वाईट नव्हता, १३ पैकी १० सामने जिंकला. पण चेसच्या नावावर अख्ख्या हंगामात फक्त २३ झेल होते. पासचा जेवढा वापर करता आला असता तेवढा होत नव्हता. आधी रेटून धावायचं, अडलं की पास फेकायचा, हीच कित्येक वर्षांची सवय होती.

२०१९ च्या सुरुवातीला मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी या २९ वर्षांच्या तरुणाला पासिंगची जबाबदारी देऊन आणलं. आक्रमणाचे अनुभवी प्रशिक्षक स्टीव्ह एन्समिंगर आणि ब्रेडी यांनी मिळून जुनी सवय मोडली. आता ‘११’ची रचना हीच नेहमीची झाली. तीन रिसीव्हर पसरलेले, टाइट एंडही बऱ्याचदा बाजूला आणि रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरसुद्धा पास झेलायला मोकळा. पाचच्या पाच जण झेलणारे! बचाव करणाऱ्यांनी कुणाकुणाला धरायचं?

सगळ्यात हुशारीचा बदल जेफरसनच्या बाबतीत झाला. तो आधी कडेला उभा राहायचा. त्याला आत, म्हणजे लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत आणलं. या जागेला स्लॉट म्हणतात. कडेच्या रिसीव्हरच्या एका बाजूला मैदानाची रेषा असते, त्यामुळे त्याच्या वाटा मर्यादित असतात. स्लॉटमधल्या खेळाडूला डावी-उजवी दोन्हीकडे वाट असते. समोरचा बचावपटू डावीकडे झुकला तर उजवीकडे पळायचं, मागे सरकला तर तिथेच थांबून वळायचं. अट एकच, फेकणाऱ्याने आणि झेलणाऱ्याने त्याच क्षणी तेच वाचलं पाहिजे. बरो आणि जेफरसनला ते जमलं. जेफरसनने हंगामात १११ झेल घेतले, १,५४० यार्ड आणि १८ टचडाउन.

चेसला मात्र कडेलाच ठेवलं, कारण त्याची ताकद वेगळी होती. कडेच्या रिसीव्हरला बचावपटू सुरुवातीलाच छातीवर हात देऊन अडवू बघतो. चेस तो अडथळा अंगाने झटकून टाकायचा आणि मग लांबचा पास उडी मारून घ्यायचा. त्याचा हंगाम होता ८४ झेल, १,७८० यार्ड आणि २० टचडाउन. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरला मिळणारा बिलेटनिकॉफ पुरस्कार त्यालाच मिळाला. तिसऱ्या बाजूला मार्शल होता, त्याचे १३ टचडाउन.

आता बचाव करणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. चेसवर दोघे लावले तर जेफरसन मोकळा. जेफरसनसाठी माणसं मध्ये आणली तर मार्शल एकटा. सगळे मागे नेले तर एडवर्ड्स-हेलेअर चेंडू घेऊन पळायला तयार. त्याने पळून १,४१४ यार्ड काढलेच, वर ५५ झेलही घेतले. बरोचे शंभरातले ७६ पास बरोबर हातात पडत होते. आधीच्या वर्षी हे प्रमाण ५८ च्या आसपास होतं. आपला माणूस मोकळा दिसत असेल तर नेम चुकायची भीती कमी होते.

एकच मैदान, दोन भाऊ

या बदलाचं मोल कळायला आठ वर्षं मागे जायला हवं. ९ जानेवारी २०१२. न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम. राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना, एलएसयू विरुद्ध अलाबामा. एलएसयू तोपर्यंत एकही सामना हरली नव्हती. त्या रात्री मात्र संघाला एकही गुण मिळवता आला नाही. निकाल २१-०. पूर्ण सामन्यात एलएसयूने फक्त ९२ यार्ड काढले आणि मैदानाची मधली रेषा एकदाच ओलांडली. त्यांच्या क्वार्टरबॅकने पासमधून काढले जेमतेम ५३ यार्ड. त्याचं नाव जॉर्डन जेफरसन. जस्टिनचा मोठा भाऊ!

जस्टिन तेव्हा बारा वर्षांचा होता. मधला भाऊ रिकी, तोही पुढे एलएसयूकडूनच खेळला. जस्टिन कॉलेजात आला तेव्हा त्याच्याबद्दल फार कुणी बोलत नव्हतं. पहिल्या वर्षी, २०१७ मध्ये, त्याच्या नावावर एकही झेल नव्हता.

सगळा दोष जॉर्डनच्या माथी मारणं सोपं होतं, आणि त्यावर खूप टीका झालीही. पण त्या संघातसुद्धा रुबेन रँडल होता आणि पुढे व्यावसायिक लीग गाजवणारे ओडेल बेकहॅम आणि जार्विस लँड्री हे दोघे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी म्हणून होते. झेलणारे हात होते, पण संघाची रचना त्यांच्यासाठी केलेली नव्हती. त्यानंतर एलएसयू अलाबामाकडून सलग हरत राहिली. २०१२ चा तो अंतिम सामना धरून ओळीने आठ पराभव! ही साखळी तुटली ती ९ नोव्हेंबर २०१९ ला, ४६-४१ अशा थरारक सामन्यात.

आणि मग १३ जानेवारी २०२० ची रात्र. आपल्याकडे मंगळवारची सकाळ. पुन्हा तेच सुपरडोम, पुन्हा राष्ट्रीय अंतिम सामना. समोर सलग २९ सामने जिंकून आलेला क्लेमसन. सुरुवातीला एलएसयू १७-७ अशी मागे पडली. क्लेमसनने चेसवर ए. जे. टेरेल हा आपला उत्तम बचावपटू लावला होता. त्याच वर्षी पुढे व्यावसायिक संघांच्या निवडीत टेरेल पहिल्याच फेरीत निवडला गेला, म्हणजे तो काही कच्चा खेळाडू नव्हता. तरीही चेसने ९ झेल घेत २२१ यार्ड आणि दोन टचडाउन काढले. जेफरसनचेही ९ झेल, १०६ यार्ड. एलएसयू ४२-२५ ने जिंकली. हंगामात १५ पैकी १५ विजय. बरोने त्या रात्री पासमधून ४६३ यार्ड काढले.

मोठ्या भावाचा संघ ५३, धाकट्याचा ४६३. जेफरसनांच्या घरात त्या आकड्यांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसेल.

भिंतही तोच, वाटही तोच

त्या अंतिम सामन्यातले आणखी दोन टचडाउन बघण्यासारखे आहेत. ते घेतले थॅडियस मॉस या टाइट एंडने. एक ६ यार्डांचा, एक ४ यार्डांचा. दिसायला किरकोळ, पण वेळ बघा. पहिला मध्यंतराला काही सेकंद उरले असताना, ज्याने आघाडी २८-१७ झाली. दुसरा, क्लेमसनने २८-२५ पर्यंत गाठल्यावर लगेच. लांबचे पास चेसचे, पण जीव टांगणीला लागला तेव्हा टाइट एंड धावून आला.

असं का होतं? एंड झोनजवळ पोहोचलं की मागे पळायला जागाच उरत नाही. वेगाचा उपयोग कमी होतो. तिथे हवा गर्दीत अंग मध्ये घालून चेंडू घेणारा माणूस. थॅडियसचे वडील रँडी मॉस म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधले गाजलेले रिसीव्हर, लांब पास झेलण्यात त्यांचा हात धरणारे कमीच. मुलगा मात्र लाइनला चिकटून उभा राहिला. रेटारेटी करायची, दुसऱ्यासाठी वाट करायची आणि वेळ आली की झेलायचं, असं त्याचं काम.

टाइट एंड समोरच्या प्रशिक्षकाला कोड्यात टाकतो. त्याला अडवायला छोटा, चपळ बचावपटू लावला, तर टाइट एंड त्याला ढकलून रनिंग बॅकसाठी वाट करतो. मोठा, जड बचावपटू लावला, तर टाइट एंड त्याच्यापुढे पळून पास झेलतो. त्यात आणखी एक युक्ती असते. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकला देण्याचं नाटक करतो, टाइट एंडही एखादा क्षण भिंतीसारखा उभा राहतो. बचावपटू धावणाऱ्याच्या मागे लागले की तो हळूच निसटतो. तोवर त्याच्याकडे बघायला कुणी उरलेलंच नसतं.

जॉर्जियाचा उलटा रस्ता

एलएसयूने रिसीव्हर पसरवून अजिंक्यपद मिळवलं, म्हणून सगळ्यांनी तेच करायचं का? जॉर्जिया विद्यापीठाने नेमकं उलट केलं. २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षं सलग ते राष्ट्रीय विजेते झाले, आणि त्यांच्या पासिंगच्या मध्यभागी होता एक टाइट एंड, ब्रॉक बोवर्स.

कॅलिफोर्नियातल्या नापाहून आलेल्या या मुलाने पहिल्याच वर्षी ५६ झेल, ८८२ यार्ड आणि १३ टचडाउन काढले. संघात त्याच्याइतके यार्ड कुठल्याही रिसीव्हरचे नव्हते. पुढच्या वर्षी ६३ झेल, ९४२ यार्ड. २०२२ मध्ये त्याच्या जोडीला डार्नेल वॉशिंग्टन होता. उंची ६ फूट ७ इंच, वजन सुमारे १२० किलो. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, ओरेगनविरुद्ध, एवढ्या देहाचा हा मुलगा समोरच्या बचावपटूच्या अंगावरून उडी मारून पुढे गेला. तरीही त्याची खरी किंमत भिंत म्हणून जास्त होती. त्याच्या २८ झेलांपेक्षा त्याने इतरांसाठी उघडलेल्या वाटा कितीतरी जास्त असतील.

आक्रमणाचे प्रशिक्षक टॉड मंकन हे दोघांना एकत्र मैदानात उतरवायचे, म्हणजे आपलं ‘१२’. समोरचा संघ जड खेळाडू आणायचा. मग बोवर्स एकदम लाइन सोडून स्लॉटमध्ये किंवा कडेला जाऊन उभा राहायचा. जड बचावपटूंची फजिती! कधी त्याला थेट चेंडूच हातात द्यायचे. केंट स्टेटविरुद्ध तो असाच ७५ यार्ड पळत सुटला आणि टचडाउन करूनच थांबला. फ्लोरिडाविरुद्ध तर बचावपटूचा हात लागून चेंडू उडाला, तो बोवर्सने पळता पळता सांभाळत झेलला आणि ७३ यार्डांचा टचडाउन केला.

चेंडू फेकणारा कोण होता? स्टेट्सन बेनेट. उंची सहा फुटांच्या आत. शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला, मध्ये एका छोट्या कॉलेजात जाऊन परतलेला, २०२१ चा हंगाम सुरू झाला तेव्हा राखीव खेळाडू. त्याच बेनेटने २०२२ मध्ये पासमधून ४,१२७ यार्ड काढले. ९ जानेवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने टीसीयूला ६५-७ असं धुतलं, त्यात बोवर्सचे १५२ यार्ड. बेनेटची जिद्द मोठी होतीच, पण मोठ्या, भरवशाच्या झेलणाऱ्यांनी त्याचं काम सोपं केलं हेही तितकंच खरं.

बोवर्सला सर्वोत्तम टाइट एंडचा मॅकी पुरस्कार दोनदा मिळाला. तोवर असं कुणालाच जमलं नव्हतं.

दरवर्षी नवा डाव

व्यावसायिक संघात एखादा चांगला रिसीव्हर दहा-दहा वर्षं राहू शकतो. कॉलेजात तसं नाही. मुलं साधारण चार हंगाम खेळतात आणि जातात. म्हणजे आवडीचा आराखडा एकदा करून ठेवला आणि वर्षानुवर्षं चालवला, असं प्रशिक्षकाला करता येत नाही. यंदा घरात जे सामान आहे त्यातच स्वयंपाक करायचा! उंच टाइट एंड मिळाले तर एक बेत, चपळ रिसीव्हर मिळाले तर दुसरा.

एलएसयूने ते लगेच अनुभवलं. २०२० मध्ये बरो, जेफरसन आणि मॉस कॉलेज सोडून गेले, चेसने महामारीच्या त्या वर्षी न खेळण्याचा निर्णय घेतला, ब्रेडीही दुसरीकडे गेले. आदल्या वर्षी पंधराच्या पंधरा जिंकणारा संघ त्या वर्षी पाच जिंकला आणि पाच हरला.

ज्याच्या हातात चेंडू नसतो त्याचं काम

एका सामन्यात एखाद्या रिसीव्हरकडे दहा पास आले, तर तो दिवस खूप चांगला. पण तो मैदानात उतरतो साठ-सत्तर वेळा. उरलेल्या वेळी काय करतो? जोरात पळतो, फक्त बचावपटूला आपल्यामागे ओढून नेण्यासाठी. आपल्याकडे चेंडू येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तरी येणार असल्यासारखं पळावं लागतं. किंवा दुसऱ्याने झेल घेतला की त्याच्यापुढे उभं राहून बचावपटूला अडवतो. यातलं काहीच गुणफलकावर येत नाही. मधल्या गर्दीत झेल घेताना जोराची धडक बसायची भीती असते, ती वेगळीच.

२०१९ च्या मुलांना यासाठी शिष्यवृत्तीपलीकडे पैसेही मिळत नव्हते. आपलं नाव आणि प्रतिमा वापरून कमाई करायची मुभा कॉलेज खेळाडूंना मिळाली ती जुलै २०२१ पासून.

मानाच्या पुरस्कारांतही झेलणारे मागेच. कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा पुरस्कार म्हणजे हाइजमन ट्रॉफी. १९९१ मध्ये मिशिगनच्या डेसमंड हॉवर्ड या रिसीव्हरला ती मिळाली. त्यानंतर पुन्हा एखाद्या रिसीव्हरला मिळायला २०२० उजाडलं. तो अलाबामाचा डेव्होंटा स्मिथ. वजन ८० किलोंपेक्षा कमी, या खेळाच्या मानाने अगदीच सडपातळ. त्या हंगामात त्याने ११७ झेल घेतले आणि पासवर २३ टचडाउन केले. अंतिम सामन्यात तर मध्यंतराच्या आतच २१५ यार्ड आणि तीन टचडाउन!

पुढच्या वेळी सामना लागला की हे बघा

• चेंडू हलायच्या आधी झेलू शकणारे पाच जण मोजा. टाइट एंड एक की दोन? मनात ‘११’ किंवा ‘१२’ म्हणा.

• आतल्या, स्लॉटमधल्या रिसीव्हरवर नजर ठेवा. चार-पाच यार्ड हवे असतील, तर पास बऱ्याचदा त्याच्याकडे जातो.

• टाइट एंड लाइनला चिकटून आहे की लांब उभा आहे? लांब असेल तर त्याच्यासमोर कोण आलं ते बघा. छोटा खेळाडू आला की मोठा, यावरून पुढची चाल ओळखायचा प्रयत्न करा.

• एंड झोन दहा यार्डांवर आला की सगळ्यात उंच खेळाडू शोधा.

• टचडाउन झाल्यावर पुन्हा दाखवतात तेव्हा चेंडूकडे बघू नका. दुसऱ्या बाजूला रिकाम्या हाताने पळणाऱ्याकडे बघा. वाट कुणी मोकळी केली ते तिथे दिसेल.

आणि आता आपल्याकडे

हा खेळ आपल्यापासून फार लांबचा वाटतो ना? पण त्याच्याच एका सोप्या रूपाला ऑलिंपिकचं दार उघडलं ते आपल्या मुंबईत! ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटला मान्यता मिळाली, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्याच निर्णयात आणखी एक नाव होतं, फ्लॅग फुटबॉल.

यात कुणाला खाली पाडायचं नसतं. कमरेला लावलेली पट्टी ओढली की धावणारा बाद. संघात पाचच खेळाडू, धिप्पाड लाइनमनची भिंत नाही, धक्काबुक्कीला परवानगी नाही. एक जण फेकतो आणि उरलेल्या चौघांपैकी कुणीही झेलू शकतो. म्हणजे आज आपण ज्यांच्याबद्दल वाचलं, ते झेलणारेच या खेळात जवळजवळ सगळं काही आहेत. मुलं-मुली दोघांनाही खेळता येतो, आणि सामान म्हणजे एक चेंडू आणि कमरेच्या पट्ट्या.

सोसायटीच्या मैदानात किंवा शाळेच्या पटांगणात कधी मुलांनी हा खेळ मांडला, तर ‘मी फेकणार, मी फेकणार’ असं भांडण होणारच. तेव्हा त्यांना बरोचा सोळा आणि साठचा हिशोब सांगा. मग सगळ्यात आधी झेलणाऱ्यांच्या जागा ठरवा.